हिवाळ्यातली अंघोळ आणि कोरडी त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचं उटणं संपतं न संपतं तोच पायांच्या नळ्या पांढुरक्या दिसायला लागतात. नख ओढलं की पांढरी रेघ उमटते, स्वेटर काढताना बाहीतून भुसा गळतो, रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुरू होते. मग बाजारातली महागातली बाटली येते आणि अर्ध्या हिवाळ्यात कपाटात मागे जाते. बाटलीचा दोष क्वचितच असतो. सकाळची अंघोळ तशीच चालू राहते, तिथेच गडबड असते.

थंडीत त्वचा कोरडी पडते ती हवेमुळे. त्यात अंघोळीचा काय संबंध?

हवा हे कारण आहेच. पाऊस परतला की उत्तरेकडून कोरडे वारे सुरू होतात. गार हवेत बाष्प मुळातच कमी मावतं. त्यामुळे विदर्भ, खानदेश, नाशिक, पुणे या भागांत त्वचेतलं पाणी हवेत झपाट्याने उडून जातं. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा तिथल्या पोरांचे गाल उगाच फुटत नाहीत.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असा स्निग्ध माल भरलेला असतो. आतलं पाणी तो धरून ठेवतो. तुपाचं ताट आपण कशाने धुतो? गरम पाणी, साबण आणि घासणी. थंडीत आपण अंगही नेमकं तसंच धुतो. हवा आपल्या हातात नाही, न्हाणीघर आहे.

म्हणजे हिवाळ्यात रोज अंघोळ करायचीच नाही?

करा की. एक दिवसाआड अंघोळ केली तरी तब्येतीला काही होत नाही हे खरं, पण पारोसं राहणं ज्यांना जमत नाही त्यांना तो सल्ला देऊन उपयोग नाही. रोज करा, एकदाच करा आणि लवकर उरका. सकाळी एकदा, जिमनंतर एकदा आणि झोपायच्या आधी ‘जरा बरं वाटतं म्हणून’ एकदा, यातली तिसरी आधी बंद करा. ज्यांना इसब आहे किंवा अंगाला चिरा पडल्या आहेत, त्यांनी काही दिवस साबणाची अंघोळ एक दिवसाआड करून मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने उरकली तर फरक दिसतो.

पाणी किती गरम चालेल?

कोमट. आता प्रत्येकाचं कोमट वेगळं असतं, ही खरी अडचण. अंगाचं तापमान ३७ अंश सेल्सिअस, पाणी त्याच्या आसपास हवं. गिझरचं पाणी अनेक घरांत ६० अंशांपर्यंत तापतं आणि तेवढं पाणी काही सेकंदांत भाजतं. त्यामुळे बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम सोडा. विसण नीट पडलं की नाही ते बोटांनी बघू नका, बोटं सरावलेली असतात. मनगटाची आतली बाजू किंवा कोपर बुडवून बघा. पाणी गरम वाटलंच नाही, नुसतं ‘गार नाही’ एवढंच वाटलं, तर ते बरोबर आहे.

आरसा पूर्ण धुरकटला, अंघोळीनंतर अंग लालसर दिसलं किंवा कातडी ताणल्यासारखी वाटली, तर पाणी जास्त गरम होतं. डोक्यावर कढत पाणी घेऊ नये असं आयुर्वेदातही सांगितलं आहे. आजी बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायची हे खरं, पण ती त्यात विसण घालायची, ते आपण विसरतो.

खाज सुटते तेव्हा कडकडीत पाणी घेतलं की फार बरं वाटतं. ते का सोडायचं?

बरं वाटतं यात खोटं काही नाही. तीव्र उष्णतेने खाजेची जाणीव थोडा वेळ दबते. पण त्याच पाण्याने उरलासुरला स्निग्ध थर निघतो आणि तासाभरात खाज दुपटीने परत येते. मग पुन्हा गरम पाणी. अनेकांच्या नळ्यांवर जानेवारीपर्यंत काळे डाग पडतात ते याच चक्रातून. खाजेच्या जागी गार पाण्यात पिळलेला पंचा पाच मिनिटं ठेवा आणि लगेच मलम चोळा.

बादली की शॉवर?

बादली. पाणी संपलं की अंघोळ संपते, याहून चांगला टायमर नाही. शॉवरखाली गरम धारेत उभं राहिलं की पाचाची पंधरा मिनिटं कधी होतात कळत नाही. पाच ते दहा मिनिटं पुरे.

साबण कुठला वापरू?

वेष्टण उलटून बघा. बारीक अक्षरांत ‘टॉयलेट सोप’ किंवा ‘बाथिंग बार’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी टीएफएमची टक्केवारी असते. टीएफएम म्हणजे साबणातल्या मेदाम्लांचं एकूण प्रमाण. भारतीय मानकांनुसार टॉयलेट सोपच्या तीन प्रती आहेत: पहिल्या प्रतीत टीएफएम किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६०. बाथिंग बारला ४० टक्केही चालतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्य. तसं नाही. टीएफएम जास्त म्हणजे भरताड कमी आणि साबण अधिक, एवढंच. साबण कितीही शुद्ध असला तरी तो अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ९ ते १० च्या घरात. त्वचेचा पीएच ५ च्या आसपास. हा फरक उन्हाळ्यात खपून जातो, डिसेंबरात नाही.

कोरड्या त्वचेला मानवते ती साबण नसलेली वडी, जिला डॉक्टर ‘सिंडेट बार’ म्हणतात. ओळखायची कशी? घटकांच्या यादीत सुरुवातीलाच सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट अशी नावं असतील तर तो नेहमीचा साबण. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे नाव पहिल्या एक-दोन नावांत असेल तर ती सिंडेट. तिचा टीएफएम कमी दिसला तर बिचकू नका, तो आकडा साबणासाठी आहे. वास नसलेली मिळाली तर उत्तम. ‘ग्लिसरीनयुक्त’, ‘दुधाचा’, ‘आयुर्वेदिक’ हे शब्द पुढच्या बाजूला कितीही मोठे छापलेले असोत, निर्णय मागच्या बाजूला होतो.

महागाची वडी परवडत नसेल तर साबण लावताना हात आखडता घ्या. काखा, जांघा, पावलं एवढ्याच जागांना रोज साबण लागतो. दंड, पाठ, पोट, नळ्या यांना ऑफिसात बसून काय माती लागते? नुसतं पाणी पुरतं. वर्षानुवर्षं अंगभर फेस काढायची सवय असते, त्यामुळे पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटतं. ज्यांचं काम शेतात, वीटभट्टीवर, गॅरेजमध्ये आहे त्यांना हे लागू नाही. त्यांनी ग्रीस, ऑइल आधी खोबरेल तेलाने सोडवावं, पुसून घ्यावं आणि मग तेवढ्याच जागी साबण लावावा. कपडे धुवायच्या वडीने हात चोळणं तेवढं थांबवा.

साबण सोडून डाळीचं पीठ किंवा उटणं लावलं तर?

डाळीच्या किंवा मसुराच्या पिठात साय कालवून लावलं तर साबणापेक्षा बरं. पण पीठसुद्धा तेल शोषतंच, म्हणून कोरडं पीठ नको. उटण्यात वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा अशी भरड असते. ती दिवाळीत चार दिवस छान. रोज खसाखसा घासायची ती वस्तू नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याची, हिवाळ्यात कोरड्या अंगाला लावू नये. अंगावर चिरा असतील तर हे सगळं बाजूला ठेवा, चुरचुरतं.

तेल अंघोळीआधी लावायचं की नंतर?

घरोघरी यावर वाद आहेत आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत.

अभ्यंगाची पद्धत आधी तेल लावायची. त्यात तथ्य आहे: अंगावर तेल असेल तर पाणी आणि साबण आधी ते तेल घेऊन जातात, त्वचेतला स्निग्ध भाग बराचसा वाचतो. पण तेल लावायचं, अर्धा तास मुरवायचं आणि मग दोनदा साबण लावून ‘ओशट लागतंय’ म्हणत ते काढून टाकायचं, यात तेलही जातं आणि वेळही. आधी तेल लावणार असाल तर त्या भागांना साबण लावू नका. कोमट पाणी ओता, पंचाने टिपा, राहिलेला ओशटपणा राहू द्या.

सकाळी एवढा वेळ नसतो. मग अंघोळीनंतर ओल्या अंगावर चमचाभर तेल हाताला घेऊन फिरवा. तेलात पाणी नसतं, ते फक्त आतलं पाणी अडवतं. पूर्ण सुकलेल्या अंगावर दुपारी तेल लावलं तर अडवायला फारसं काही उरलेलं नसतं.

तेलाच्या पायांनी ओल्या फरशीवर मात्र सांभाळून. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडणं, हे कोरड्या त्वचेपेक्षा फार मोठं दुखणं आहे.

तेल कोणतं?

खोबरेल बहुतेकांना मानवतं. तीळतेलही चांगलं. करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्वचा ते स्वतःचा थर बांधायला वापरते, त्यामुळे स्वयंपाकघरातलं करडईचं तेल अंगाला लावायला कमीपणा मानू नये. ऑलिव्ह तेलाचं कौतुक जाहिरातींपुरतं ठेवा. त्याने त्वचेचा वरचा थर उलट कमकुवत होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. मोहरीचं तेल आपल्याकडे फारसं लावत नाहीत. ते तिखट असतं, लहान मुलांना नकोच.

अंघोळ झाल्यावर नेमकं काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

अंग पुसू नका, टिपा. खरखरीत टॉवेलपेक्षा जुना, मऊ झालेला सुती पंचा चांगला. त्वचेवर किंचित ओल राहिली पाहिजे, थेंब नाहीत पण दमटपणा. त्याच अवस्थेत, न्हाणीघराचं दार उघडायच्या आधी, दोन-तीन मिनिटांत क्रीम किंवा तेल लागलं पाहिजे. बाहेर येऊन देवपूजा, चहा, पेपर आणि मग क्रीम, असा क्रम झाला की निम्मा फायदा गेला. म्हणून क्रीमची बाटली आरशासमोर नको, साबणाच्या फळीवर ठेवा.

लोशन पातळ, क्रीम त्याहून घट्ट, मलम सगळ्यात घट्ट. मुंबई-कोकणात लोशनवर भागतं. नागपूर, जळगाव, नगरकडच्या थंडीत नळ्यांना आणि कोपरांना क्रीमच हवं. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि पाणी अडवण्यात तिचा हात धरणारं काही नाही. चिकट लागते म्हणून लोक टाळतात. रात्री नळ्यांना, टाचांना लावून वर जुने मोजे घाला, चादरीला लागत नाही. ग्लिसरीन चांगलं, पण निव्वळ लावू नका. गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात पातळ करा आणि ओल्या अंगावरच लावा. त्यात लिंबू पिळायची पद्धत आहे, ती सोडा, फुटलेल्या कातडीवर आग होते.

प्रमाणाबद्दल: बोटाच्या पहिल्या पेरावर ओढलेली क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. सगळ्या अंगाला एका वेळी वीस-तीस ग्रॅम लागतात. हिशेब केलात तर कळेल की छोटी बाटली महिनाभर पुरली म्हणजे ती लावलीच गेली नाही. सगळं अंग परवडत नसेल तर नळ्या, हात आणि कंबरेचे दोन्ही बाजूचे भाग धरा.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तेल, जेली, मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. असं अंग माखून शेकोटीजवळ, चुलीजवळ बसताना ओढणीचं, शालीचं टोक सांभाळा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. साबणाला फेस येत नाही आणि अंग खाजतं.

दख्खनच्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. साबण त्यांच्याशी मिळून चिकट साका बनवतो, बादलीच्या कडेला पांढरं वर्तुळ दिसतं तोच. तो अंगावरही बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि आणखी साका बसतो. सिंडेट वडीचा असा साका होत नाही, त्यामुळे बोअरवाल्यांना तिचा फायदा जास्त. पालिकेचं पाणी थोडं येत असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या.

पाणी मऊ करणारं यंत्र घेण्याची घाई नको. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या उपचारांवर यंत्राचा वेगळा फायदा दिसला नाही. गिझरची कॉइल जास्त टिकेल, ते वेगळं.

टाचांना भेगा आहेत. वजरीने घासू का?

आठवड्यातून एकदा, पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, हलक्या हाताने. कोरड्या टाचेवर वजरी नको आणि रक्त येईपर्यंत तर कधीच नको. जितकं घासाल तितकी टाच जाड होत जाते. घासून झाल्यावर ओल्या टाचेला कोकमाचं तेल, म्हणजे कोकणातलं मुठेल किंवा भिरंडेल, चोळा. ते घट्ट असतं, पळीत जरासं वितळवून कोमट झाल्यावर भेगेत भरा. युरिया असलेलं क्रीमही चांगलं काम करतं, पण उघड्या भेगेत झोंबतं.

मधुमेह असेल तर वजरी, ब्लेड, पाय घासायचा दगड काहीच नको. पायाची जाणीव कमी झालेली असते, जखम कळत नाही. पाय बुडवायच्या आधी पाणी दुसऱ्या कुणाला बघायला सांगा.

केस धुतल्यावर पाठीला खाज येते.

शॅम्पूचा फेस पाठीवरून ओघळतो आणि तिथेच राहतो. पुढे वाकून केस धुवा, मग पाठीवर दोन तांबे साधं पाणी घ्या.

तान्ह्या बाळाला थंडीत रोज न्हाऊ घालायचं का?

रोज गरज नाही. जन्मल्यानंतर पहिली अंघोळ किमान २४ तासांनी घालावी असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. नंतरही आठवड्यातून तीनदा पुरतं, मधल्या दिवशी मान, काखा, जांघेतल्या घड्या ओल्या कपड्याने पुसाव्यात. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाणी फार गरम घेतात आणि लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवतात. ती लव आपोआप जाते. पिठाने फक्त कातडी सोलवटते. घरातल्या मोठ्यांना दुखवायचं नसेल तर मालिश त्यांच्याकडे द्या, पीठ तेवढं गुपचूप आत ठेवा.

आजोबांना रात्रभर खाज येते, अंगावर काहीच दिसत नाही.

साठीनंतर त्वचेतलं तेल कमी होतं आणि म्हातारपणी थंडी जास्त वाजते म्हणून पाणी अधिक गरम घेतलं जातं. सत्तरीच्या पुढच्या माणसांना साबण आठवड्यातून दोन-तीनदाच पुरे. पाठीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, तिथे क्रीम कुणीतरी लावून द्यायला हवं. आणि बघताना नीट बघा: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या असतील आणि घरात इतरांनाही खाज असेल तर ती खरूज असू शकते. ती क्रीमने जात नाही, घरातल्या सगळ्यांना एकदम औषध लावावं लागतं.

पाण्यात जंतुनाशक द्रव टाकला तर?

रोजच्या अंघोळीत नको. त्वचा आणखी कोरडी पडते. कडुलिंबाची पानं टाकून काही बिघडत नाही, मात्र कोरडेपणा त्याने जात नाही.

भरपूर पाणी प्यायल्याने त्वचा ओलसर राहते ना?

तहानेपुरतं प्या. त्यापुढे प्यालेल्या तांब्याभर पाण्याचा पायांच्या नळ्यांना फारसा फायदा नाही.

अंघोळ होईपर्यंत गॅस गिझर चालू ठेवतो. काही हरकत?

मोठी हरकत आहे, त्वचेपुरती नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच कडी लावा. पाण्यात सोडलेला हीटर रॉड चालू असताना पाण्याला हात लावून बघणं, हेही असंच जिवावर बेततं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दोन आठवडे नीट अंघोळ आणि क्रीम करूनही खाज झोप मोडत असेल, चिरांतून पाणी किंवा पू येत असेल, अंगभर खवले दिसत असतील, तर जा. थकवा, वजन वाढणं, केस गळणं यांच्या जोडीने त्वचा कोरडी झाली असेल तर थायरॉइड तपासतात. पुरळ न येता येणाऱ्या सततच्या खाजेमागे कधी कधी मूत्रपिंड किंवा यकृतही निघतं. गोल चकत्या, कडा लाल आणि मध्ये मोकळं, असं असेल तर तो नायटा. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली की तो आठ दिवस दबतो आणि मग पसरतो.

जाताना त्या दिवशी अंगाला काही लावू नका, म्हणजे त्वचा आहे तशी दिसेल. घरात आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या आणि साबणाचं वेष्टण एका पिशवीत घालून घेऊन जा.